मॉस्को–वॉशिंग्टन, बेचाळीस चाली

५२५४. पोस्टकार्डावर एवढे चार आकडे लिहून पाठवले की डाव सुरू. पटाच्या उभ्या स्तंभांना डावीकडून १ ते ८ आकडे द्यायचे, आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. पाचव्या स्तंभातलं, दुसऱ्या रांगेतलं राजाचं प्यादं दोन घरं पुढे गेलं, ते ५२ वरून ५४ वर. राजाच्या बाजूला कॅसलिंग करायचं असेल तर ५१७१. मोहऱ्याचं नाव लिहायचं नाही, त्यामुळे कोणत्या भाषेत लिहायचं हा प्रश्नच नाही. एकमेकांची लिपी वाचता न येणारी दोन माणसं या आकड्यांवर दोन-तीन वर्षं डाव खेळू शकत. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाची आयसीसीएफ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, आणि अशा स्पर्धांमध्ये ही आकड्यांची लिपी रुळली.

नियम सोपे होते. दहा चालींसाठी तीस दिवस, टपालाचा प्रवास त्यात धरायचा नाही. कार्डावर प्रतिस्पर्ध्याची चाल पुन्हा लिहायची, ती कोणत्या तारखेला मिळाली आणि उत्तर कोणत्या तारखेला टाकलं ते नोंदवायचं, मग आपली चाल. वेळ आणि टपालखर्च वाचवायचा असेल तर जर-तरच्या चाली लिहायच्या: तू हे खेळलास तर माझं उत्तर हे. पुस्तकं उघडायला मुभा, पट मांडून मोहरी हलवून पाहायला मुभा. दुसऱ्या माणसाची मदत मात्र घ्यायची नाही. समोरासमोरच्या डावात जे सगळं डोक्यात करावं लागतं ते इथे टेबलावर, वह्यांमध्ये, रात्री जेवण आटोपल्यावर करता येतं. म्हणून पत्राचा डाव अभ्यासायला घेतला की घाई, घड्याळ, थकवा या सबबी बाजूला होतात. प्रत्येक चालीमागे खेळणाऱ्याचं पूर्ण मत असतं असं धरून वाचता येतं. चूक झालीच, तर ती समजुतीची चूक असते, आणि शिकणाऱ्याला तीच हवी असते.

ओपनिंगांच्या इतिहासावर या टपालाचा ठसा मोठा आहे. एडिंबरा आणि लंडन या शहरांच्या क्लबांमध्ये १८२४ ते १८२८ या काळात पत्राने सामना झाला. एडिंबराने तो जिंकला आणि त्यातल्या एका सुरुवातीला स्कॉच गेम हे नाव मिळालं. फ्रेंच डिफेन्सचं नाव पॅरिस–लंडन सामन्यातून आलं, १८३४ ते १८३६ मधल्या. लाटव्हियन गँबिटला ते नाव १९३० च्या दशकातल्या रीगा–स्टॉकहोम पत्रसामन्यामुळे मिळालं. आपल्याकडेही एडिंबरा–लंडनचा सामना संपत होता त्याच सुमारास मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने दोन डाव झाले, आणि मद्रासचे गुलाम कासिम आणि जेम्स कोचरन यांनी ते १८२९ च्या पुस्तकात छापले. त्या पुस्तकाचा एक भाग मुझिओ गँबिट या ओपनिंगच्या विश्लेषणाचा होता. डाव आणि ओपनिंगचा अभ्यास एकाच जिल्दीत बांधण्याची ही पद्धत आजही बदललेली नाही. पुढे ग्रँडमास्टर झालेले पॉल केरेस शाळकरी वयात एस्टोनियातल्या पार्नू या छोट्या गावी राहत होते. तोडीस तोड प्रतिस्पर्धी गावात मिळेनात म्हणून ते एका वेळी दीडशेच्या आसपास डाव पत्राने खेळत, आणि धाडसी ओपनिंगं तिथेच तपासून घेत.

इथे एकच डाव घ्यायचा आहे. याकोव्ह एस्ट्रिन (पांढरी) विरुद्ध हान्स बर्लिनर (काळी), पाचवी जागतिक पत्र-बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा, १९६५ ते १९६८. अमेरिकन ग्रँडमास्टर आणि लेखक अँडी सोल्टिस यांनी विसाव्या शतकातले शंभर सर्वोत्तम डाव क्रमाने लावले, तेव्हा पहिला क्रमांक याला दिला. कास्पारोव्ह, फिशर, ताल यांचे समोरासमोरचे डाव मागे टाकून पोस्टकार्डांवरच्या डावाला पहिलं स्थान देणं अनेकांना पटलं नसेल. मला पटतं, आणि त्याचं कारण डावातल्या चमकदार बलिदानांत नाही. ते तिसाव्या चालीच्या आसपास आहे. तिथवर जायला आधी ओपनिंग पार करावं लागेल.

एस्ट्रिन मॉस्कोचे. ओपनिंगांचे गाढे अभ्यासक. पानोव्ह यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ओपनिंगांचा अभ्यासक्रम सोव्हिएत खेळाडूंच्या पिढ्यांनी वापरला. टू नाइट्स डिफेन्स हा तर त्यांचा खास प्रांत, त्यावर त्यांचं स्वतंत्र पुस्तक आहे. बर्लिनर १९२९ मध्ये बर्लिनमध्ये जन्मले. १९३७ मध्ये त्यांचं ज्यू कुटुंब जर्मनी सोडून अमेरिकेत वॉशिंग्टनला आलं. डाव चालू होता तेव्हा ते संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला होते. अशा माणसाने एस्ट्रिनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी टू नाइट्स डिफेन्स खेळायचं ठरवलं, म्हणजे वाघाच्या गुहेत मुद्दाम शिरणंच झालं.

या ओपनिंगची सुरुवात शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. यापुढे घरं नेहमीच्या पद्धतीने लिहितो, स्तंभ ए ते एच, रांगा १ ते ८. १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आले, म्हणून टू नाइट्स. आता ४. घोडा जी५. पांढऱ्याचा घोडा आणि उंट दोघेही एफ७ वर रोखलेले, आणि त्या प्याद्याला फक्त काळ्या राजाचा जोर. डाव चौथ्याच चालीला पेटतो. जर्मन उस्ताद तार्राश यांनी या चालीची अडाण्याची चाल म्हणून हेटाळणी केली होती. त्यांचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं: बाकी मोहरी घरात असताना एकच घोडा दोनदा का हलवायचा? पण एफ७ वरचा मारा तत्त्वाने थांबत नाही, काळ्याला उत्तर द्यावंच लागतं. ते म्हणजे ४…डी५, उंटाची वाट अडवणारं. ५. ई×डी५.

इथे रस्ते फुटतात. सरळ घोड्याने डी५ वरचं प्यादं परत मारलं तर पांढरा घोड्याचं बलिदान एफ७ वर देतो, वजीर एफ३ वर आणून शह देतो आणि काळा राजा उघड्यावर सहाव्या रांगेत चालत सुटतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन खेळाडू पोलेरिओ यांच्या काळातच हा हल्ला माहीत होता. म्हणून बहुतेक लोक ५…घोडा ए५ खेळतात, एक प्यादं कमी राहिलं तरी मोहरी झपाट्याने बाहेर काढतात. या रस्त्यावरची एक जुनी भांडणाची जागा तारेने सोडवायचा प्रयत्न झाला होता. तेव्हाचे जगज्जेते विल्हेल्म स्टाइनिट्झ यांचं मत असं की पुढे नवव्या चालीला घोडा कडेच्या एच३ वर मागे नेणं पांढऱ्याला चांगलं. रशियाचे मिखाईल चिगोरिन यांना ते हास्यास्पद वाटलं. १८९० ते १८९१ मध्ये न्यूयॉर्क आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्यात समुद्राखालच्या तारेवरून दोन डाव झाले, त्यातला एक हाच. दोन्ही डाव चिगोरिन यांनी जिंकले. मात्र १९६३ मध्ये बॉबी फिशरने तोच घोडा एच३ वर नेला आणि बिस्गायर यांना हरवलं. ओपनिंगमधला एखादा निकाल सत्तर वर्षांनी उलटतो तो असा. एक डाव हरला म्हणून चाल वाईट ठरत नाही, कुणाला तरी पुढच्या चाली नव्याने पाहाव्या लागतात.

बर्लिनर यांनी ५…बी५ खेळलं. ही चाल अमेरिकेच्या ओलाफ उल्वेस्टाड यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९४१ मध्ये तिच्यावर लेख लिहिला होता. उंटावर हल्ला आहे, आणि सर्वांत चांगलं उत्तर आहे ते पाहून नवशिका चक्रावतो: ६. उंट एफ१, थेट आपल्या मूळ घरी! उंटाने बी५ वरचं प्यादं खाल्लं असतं तर काळा वजीर डी५ वर येऊन एकाच वेळी त्या उंटावर आणि जी२ वर डोळा ठेवतो. घरी परतलेला उंट जी२ ला जोर देऊन बसतो. मग ६…घोडा डी४ ७. सी३, घोडा×डी५. आता हे ठाण दुसऱ्या वाटेनेही गाठता आलं असतं. जर्मनीच्या अलेक्झांडर फ्रिट्झ यांनी पाचव्याच चालीला घोडा डी४ वर न्यायची कल्पना कार्ल श्लेख्टर यांना सुचवली होती आणि श्लेख्टर यांनी १९०४ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. फ्रिट्झ आणि उल्वेस्टाड यांचे रस्ते इथे एक होतात. ओपनिंग शिकताना या गोष्टीकडे लक्ष हवं: चालींचा क्रम वेगळा, ठाण तेच, पण वाटेत प्रतिस्पर्ध्याला मिळणारे फाटे वेगळे. कोणता क्रम निवडायचा हे समोरच्याला कोणता फाटा मिळू द्यायचा नाही यावर ठरतं.

सातव्या चालीनंतर पट पाहा. काळ्याचा डी४ वरचा घोडा प्याद्याच्या तोंडाशी आहे आणि काळ्याला त्याची फिकीर नाही, कारण एफ६ वरचा घोडा सरकल्याने काळ्या वजिराची जी५ वरच्या घोड्यावर नजर आहे. ८. घोडा ई४, वजीर एच४ ९. घोडा जी३, उंट जी४ १०. एफ३. काळ्याचे आता दोन मोहरे एकदम माऱ्याखाली: घोडा सी-प्याद्याच्या आणि उंट एफ-प्याद्याच्या. यातला एक वाचवावा हे कुणालाही सुचेल. बर्लिनर यांनी वाचवला एकही नाही. १०…ई४. आज या फाट्याला त्यांचंच नाव आहे.

११. सी×डी४, उंट डी६. घोडा गेला आणि काळा शांतपणे आणखी एक मोहरा बाहेर काढतो. जी३ वर उंट आणि वजीर दोघांचा मारा. १२. उंट×बी५ शह, राजा डी८. काळ्याने कॅसलिंगचा हक्क सोडला; पण डी८ वरचा राजा मधे असूनही सुरक्षित आहे, कारण पांढऱ्याचे वजिराकडचे हत्ती, घोडा, उंट तिघेही अजून जागेवरून हललेले नाहीत. १३. कॅसलिंग, ई×एफ३ १४. हत्ती×एफ३.

अभ्यासाला बसताना मी इथे थांबायला सांगेन. पुढची चाल झाकून ठेवायची आणि आपली लिहून काढायची. काळा एक घोडा आणि एक प्यादं मागे आहे. एफ३ वरचा हत्ती काळ्या उंटाच्या माऱ्यात आहे, आणि तो हलला तर मागे डी१ वर पांढरा वजीर, म्हणजे हत्ती जखडलेला. दहापैकी नऊ जण उंटाने हत्ती मारतील, कारण तो समोर पडलेला आहे. पण मग पांढरा वजीर एफ३ वर परत मारतो, एकाच चालीत डी५ वरच्या घोड्यावर आणि एफ७ वर हल्ला करतो, आणि पांढऱ्याची गुदमरलेली फौज मोकळी होते. बर्लिनर खेळले १४…हत्ती बी८.

पहिल्या नजरेत एवढंच दिसतं की बी५ वरच्या उंटावर हल्ला झाला. खरं काम त्यापुढचं आहे. जखडलेला हत्ती कुठे पळत नाही, तो पुढच्या चालीतही मारता येईल. तोवर उंटाला ठरवायला लावायचं, कुठे जातोस सांग. शिवाय बी-स्तंभातून हा हत्ती बी६ वर आणि तिथून सहाव्या रांगेने सरळ एच६ वर पोहोचू शकतो, ज्या बाजूला पांढऱ्या राजाचा मुक्काम आहे. कोपऱ्यातून निघालेला हत्ती आणखी दोन चालींत पटाच्या दुसऱ्या टोकाला हल्ल्यात सामील होणार. बलिदानांच्या धुमाळीत अशी मुकाट चाल दिसणं अवघड असतं, आणि समोरासमोरच्या डावात, घड्याळ टिकटिकत असताना, ती दिसली तरी खेळायला हिंमत लागते. इथे बर्लिनर यांच्या हाताशी वेळ होता, आणि तो त्यांनी वसूल केला.

एस्ट्रिन यांनी उंट ई२ वर नेला. एफ३ ला जोर मिळाला, दिसायला सगळं व्यवस्थित. नंतरच्या विश्लेषकांनी याच जागी सगळ्यात जास्त खल केला. उंट पुन्हा एकदा एफ१ वर न्यावा का, हा त्यातला ठळक पर्याय. डावात मात्र पुढे असं झालं: १५…उंट×एफ३ १६. उंट×एफ३, वजीर×डी४ शह १७. राजा एच१, उंट×जी३ १८. एच×जी३, हत्ती बी६. मोहऱ्यांची मोजदाद केली तर पांढऱ्याचे दोन उंट आणि काळ्याचा एक जादा हत्ती, प्यादी पाच-पाच. हिशेबाने पांढरा किंचित वरच आहे. पण पांढऱ्या राजासमोर एच-स्तंभ उघडा आहे आणि हत्ती एच६ वर येऊन शह देणार आहे. १९. डी३ ही चाल बचावाची आहे: सी१ वरच्या उंटाची तिरकी वाट मोकळी होते आणि तो एच६ वर नजर ठेवतो. त्यावर १९…घोडा ई३! नेमका त्याच तिरक्या वाटेत घोडा उभा केला, आणि जाता जाता पांढऱ्या वजिरावर हल्लाही. २०. उंट×ई३, वजीर×ई३. एच६ पुन्हा मोकळं.

२१. उंट जी४, शह आला तर एच३ वर आडवा जायला. २१…एच५ २२. उंट एच३, जी५ २३. घोडा डी२, जी४. उंट कोंडला. आता एस्ट्रिन यांची सर्वोत्तम झुंज: २४. घोडा सी४, वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम. २४…वजीर×जी३ २५. घोडा×बी६, जी×एच३ २६. वजीर एफ३, एच×जी२ शह २७. वजीर×जी२, वजीर×जी२ शह २८. राजा×जी२, सी×बी६.

वादळ शमलं. पटावर दोन राजे, दोन हत्ती. पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची चार. अनेक पुस्तकांत डाव इथे जवळजवळ संपवतात, उरलेल्या चाली एका ओळीत उरकतात. मला तो अन्याय वाटतो. हत्तीच्या अंतखेळात एक प्यादं जास्त असणं जिंकायला पुरेलच असं नाही, बुद्धिबळात असे असंख्य डाव बरोबरीत सुटतात. दहाव्या चालीला दोन मोहरे वाऱ्यावर सोडणाऱ्या माणसाने सगळं करून शेवटी अर्धा गुण पदरात घेतला असता, तर १०…ई४ ही एक शोभेची कल्पना म्हणून राहिली असती.

२९. हत्ती एफ१, एफ७ वरच्या प्याद्यावर हल्ला. २९…राजा ई७, जोर दिला. ३०. हत्ती ई१ शह. आता राजा मागे घेऊन प्याद्याला चिकटून राहता आलं असतं. बर्लिनर पुढे गेले, ३०…राजा डी६, आणि प्यादं सोडून दिलं. ३१. हत्ती एफ१, हत्ती सी८ ३२. हत्ती×एफ७, हत्ती सी७. प्यादी तीन-तीन झाली, जमवलेलं सगळं भांडवल परत. बदल्यात काळ्याचा राजा पटाच्या मध्यावर आणि हत्ती उघड्या स्तंभात. हत्तींची अदलाबदल करायचं आमंत्रण पांढऱ्याला स्वीकारता येत नाही: पांढऱ्या राजाला एच-प्यादं पकडायला जावं लागेल, तेवढ्यात काळा राजा डी३ घेऊन वजिराकडच्या प्याद्यांवर तुटून पडेल. म्हणून ३३. हत्ती एफ२. मग राजाची कूच: ३३…राजा ई५ ३४. ए४, राजा डी४ ३५. ए५, राजा×डी३. ए५ वरचं प्यादं खायला समोर होतं, त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ३६. हत्ती एफ३ शह, राजा सी२ ३७. बी४, बी५ ३८. ए६, हत्ती सी४ ३९. हत्ती एफ७, हत्ती×बी४ ४०. हत्ती बी७, हत्ती जी४ शह ४१. राजा एफ३, बी४ ४२. हत्ती×ए७, बी३. इथे पांढऱ्याने डाव सोडला.

शेवटची चाल नीट पाहण्यासारखी आहे. पांढऱ्याचं ए६ वरचं प्यादं मोकळं आहे, वजीर व्हायला दोन पावलं. पण काळ्याचं प्यादं बी४ वरून बी३ वर सरकलं तेव्हा चौथी रांग रिकामी झाली. पांढऱ्याचं प्यादं ए७ वर पोहोचलं की जी४ वरचा काळा हत्ती त्या रांगेने ए४ वर येऊन मागून त्याला धरतो. आपलं प्यादं पुढेही गेलं आणि हत्तीची वाटही मोकळी झाली. दहाव्या चालीच्या बलिदानाइतकीच ही चाल मला देखणी वाटते.

ओपनिंग कुठे संपतं? पुस्तकात ते पंधराव्या-सोळाव्या चालीला ‘काळ्याला भरपाई आहे’ अशा शेऱ्याने संपतं. हा डाव दाखवतो की त्या शेऱ्याला काही अर्थ हवा असेल तर भरपाईचं रूपांतर कशात होतं ते पाहावं लागतं, आणि इथे ते एका बारीक हिशेबाच्या हत्तीच्या अंतखेळात झालं. टू नाइट्स डिफेन्सचा हा फाटा शिकणाऱ्याने तिसावी चाल समजून घेतली नाही, तर त्याने तो अर्धाच शिकला. १०…ई४ पाठ करणारे पुष्कळ. ३०…राजा डी६ का, हे सांगता येणारे थोडे.

बर्लिनर यांनी ती स्पर्धा सोळा डावांत चौदा गुण मिळवून जिंकली: बारा विजय, चार बरोबऱ्या, पराभव नाही, दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन गुण पुढे. जागतिक अजिंक्यपदाच्या या अंतिम फेऱ्यांत एवढं अंतर विलक्षणच. एस्ट्रिन यांच्या वाट्यालाही मान आला. ते पुढे सातवे पत्र-बुद्धिबळ विश्वविजेते झाले. त्यांच्याविषयी बोलताना हा एकच डाव आठवला जातो, तो त्यांच्यावर थोडा अन्याय आहे. हरलेल्या बाजूनेही बी६ वरच्या हत्तीसाठी चोख झुंज दिली होती, म्हणूनच डाव इतका लांबला.

विजेतेपदानंतर बर्लिनर कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तिथे त्यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममधला एक दोष नेमका पकडला आणि त्याला ‘होरायझन इफेक्ट’ हे नाव दिलं. यंत्र ठरावीक चालींपर्यंतच पाहतं. त्या मर्यादेच्या आत मोहरा जाणार असं दिसलं की ते मधे एखादी निरर्थक चाल घुसवून तो तोटा मर्यादेपलीकडे ढकलतं, आणि तोटा टळला असं समजतं. वस्तुतः तो तिथेच उभा असतो, शिवाय त्या निरर्थक चालीचं नुकसान वर. माणसंही ओपनिंग शिकताना नेमकं हेच करतात, पुस्तकाची ओळ संपते तिथे अडचण संपली असं मानतात. बर्लिनर यांचा बॅकगॅमन खेळणारा प्रोग्रॅम १९७९ मध्ये माँटे कार्लो इथे त्या खेळाचे जगज्जेते लुइजी व्हिला यांना ७–१ असा हरवून गेला. पुढे त्यांच्या गटाचं ‘हायटेक’ हे बुद्धिबळाचं यंत्र ग्रँडमास्टर अर्नोल्ड डेंकर यांना भारी पडलं. २०१७ मध्ये बर्लिनर वारले.

टू नाइट्स डिफेन्सने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. डावानंतर तीस वर्षांनी त्यांनी ४. घोडा जी५ या चालीवर पुस्तिका लिहिली. ही चाल मृत्युशय्येवर आहे असं त्यांनी शीर्षकातच जाहीर करून टाकलं. त्यांच्या स्वभावाला असा ठामपणा शोभून दिसायचा, पण नंतरच्या विश्लेषकांनी आणि यंत्रांनी तो निकाल जसाच्या तसा मान्य केला नाही. घोडा जी५ आजही वरच्या दर्जाच्या स्पर्धांत खेळला जातो, आणि काळा बहुतेक वेळा पाचव्या चालीला घोडा ए५ हीच चाल निवडतो.

पत्राच्या डावांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. कार्डांची जागा सर्व्हरने घेतली, आणि आयसीसीएफच्या स्पर्धांमध्ये संगणकाची मदत घ्यायला मुभा आहे. घरोघरच्या यंत्रांची ताकद वाढत गेली तसे वरच्या गटातले बहुतांश डाव बरोबरीत सुटू लागले. दोन्ही बाजूंना चूक सापडते, त्यामुळे चूक होतच नाही. तरीही ओपनिंगवर काम करणारे व्यावसायिक खेळाडू हे डाव चाळत असतात, कारण कुठला फाटा टिकतो आणि कुठला नाही, याची इतकी कसून तपासणी दुसरीकडे होत नाही.

शिकणाऱ्याने या डावावर यंत्र चालवावंच, फक्त ते शेवटी. आधी लाकडी पट मांडावा, चौदाव्या चालीला हत्ती बी८ वर ठेवावा आणि एस्ट्रिन यांच्या बाजूने बसावं. उंट ई२, एफ१, ए४, सी४ वर नेऊन, किंवा उंट बी५ वरच सोडून घोडा सी३ वर काढून पाहावा. प्रत्येक पर्यायाखाली काळ्याचं उत्तर आणि त्यावरचं आपलं मत लिहावं, ते चुकीचं निघालं तरी खोडू नये. त्यासाठी एखादा आठवडा गेला तर जाऊ द्यावा. आयसीसीएफच्या जुन्या नियमाप्रमाणे एका चालीला सरासरी तीन दिवस मिळायचेच.